चार्ल्स नदीची प्रदक्षिणा

सुटीच्या दिवशी सकाळी सायकल घेऊन घराबाहेर पडावे, नदीच्या एका काठाने वर जावे, एखाद्या पुलावरून पलीकडे उतरावे आणि दुसऱ्या काठाने घरी परतावे, ही कल्पना कोणासही सुचण्यासारखी आहे. परंतु नकाशा पुढ्यात घेऊन असा फेरा आखावयास बसले म्हणजे ध्यानात येते की, कागदावर क्षणात ओढलेली रेघ जमिनीवर सहजासहजी उतरत नाही. कोठे कारखान्याची भिंत आडवी येते, कोठे कोणाचे खाजगी आवार लागते, कोठे वाहनांनी गजबजलेला हमरस्ता थेट पाण्यापर्यंत आलेला असतो. नदी सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहते, पण तिचा काठ बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो. अमेरिकेतील बोस्टन शहराशेजारी असा एक फेरा प्रत्यक्षात उतरलेला आहे. तो कसा उतरला, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

बोस्टनजवळ समुद्राला मिळणारी चार्ल्स नदी काही मोठी नव्हे. तिची लांबी अवघी ८० मैलांच्या आसपास आहे. मुखाजवळ तिच्या दक्षिण काठी बोस्टन आणि उत्तर काठी केंब्रिज वसले आहे. जुन्या धरणावर आज विज्ञानाचे संग्रहालय उभे आहे. तेथून निघून वॉटरटाउन या गावापर्यंत वर जावयाचे आणि दुसऱ्या काठाने परत यावयाचे, अशी ही सुमारे १७ मैलांची प्रदक्षिणा होय. रमतगमत गेले तरी दोन-अडीच तासांत ती पुरी होते. वाटेत हार्वर्ड विद्यापीठाच्या इमारती, शर्यतीच्या नावा आणि एकामागून एक येणारे पूल दिसत राहतात. हा सारा देखावा मूळचाच असावा, असे नवख्या माणसास वाटते. वस्तुतः तो माणसांनी घडविलेला आहे.

बोस्टनला सायकलीचे वेड फार लवकर लागले. अमेरिकेतील पहिला सायकल-क्लब १८७८ साली तेथेच निघाला आणि त्याच वर्षी ॲल्बर्ट पोप या बोस्टनच्या व्यापाऱ्याने 'कोलंबिया' नावाच्या सायकली विक्रीस आणल्या. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी लहान, अशी ती गाडी होती. १८७९ साली या मंडळींनी शहराभोवतालच्या मुलखात दोन दिवसांची सफर काढली. परंतु चार्ल्सच्या काठाने फिरावे, असे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. समुद्राची भरती नदीत शिरत असे आणि ओहोटी लागली की दोन्ही अंगांस चिखलाचे पट्टे उघडे पडत. गावोगावचे सांडपाणी त्यांवर साचे. काठावर कोळशाच्या वखारी होत्या, कत्तलखाना होता, तुरुंगही होता. ज्यांची घरे नदीजवळ होती, त्यांनीसुद्धा तिच्याकडे पाठ फिरविली होती.

ही स्थिती पालटण्याचा विचार प्रथम नेटाने मांडला तो चार्ल्स एलियट या तरुण उद्यानरचनाकाराने. हार्वर्डच्या अध्यक्षांचा हा मुलगा, न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क उभारणाऱ्या ओल्मस्टेडचा शिष्य होता. त्याचे म्हणणे साधे होते. नदी एक आणि तिच्या काठची गावे अनेक. एका गावाने आपल्यापुरती बाग केली आणि शेजारच्याने तेथेच वखार घातली, तर काय उपयोग? म्हणून सर्व गावांचा मिळून एकच अधिकारी मंडळाने विचार करावा आणि काठाची जमीन महाग होण्यापूर्वीच लोकांसाठी विकत घ्यावी. त्याने आणि सिल्व्हेस्टर बॅक्स्टर या पत्रकाराने केलेल्या खटपटीमुळे १८९३ साली असे मंडळ कायद्याने स्थापन झाले. एलियट १८९७ साली वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. तथापि जमीन संपादण्याचे काम त्याच्या पश्चात चालू राहिले. आजचा फेरा सलग आहे, त्याचे खरे मूळ या खरेदीत आहे. नंतर फरशी घातली गेली ती केवळ वरची गोष्ट.

काठ मिळाला, पण चिखल होताच. त्यावर उपाय म्हणून मुखाशी धरण बांधून भरती अडवावी, अशी सूचना पुढे आली. भरती-ओहोटीचा जोर थांबला तर बंदर गाळाने भरून जाईल, अशी भीती अनेकांनी घातली. जॉन फ्रीमन या अभियंत्याच्या सविस्तर चौकशीने ती निराधार ठरली. जेम्स स्टॉरो या पेढीवाल्याने लोकमत वळविण्यासाठी अपार श्रम घेतले. १९०३ साली धरणास मंजुरी मिळाली आणि १९१० साली ते पुरे झाले. ओहोटीचा चिखल पाण्याखाली गेला आणि नदीस तळ्यासारखी स्थिर पातळी आली. योगायोग असा की, आपले धर्मानंद कोसंबी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले ते याच १९१० साली. म्हणजे नदीच्या या नव्या रूपाचा आरंभ होत असताना एक मराठी पंडित तिच्या काठच्या गावी विद्याव्यासंग करीत होता.

यापुढची हकीकत मात्र मनास चटका लावणारी आहे. स्टॉरो १९२६ साली वारला. त्याची पत्नी हेलन हिने पतीच्या स्मरणार्थ नदीकाठच्या बागेसाठी १० लक्ष डॉलर दिले. त्याच सुमारास काठाने मोटारींचा मोठा रस्ता नेण्याचा बेत निघाला होता. हेलनबाईंनी त्यास विरोध केला आणि बेत मागे पडला. त्यांच्या देणगीतून बाग रुंद झाली आणि पाण्याकडेची शोभा वाढली. १९४४ साली त्या वारल्या. पाच वर्षांनी, १९४९ साली, विधिमंडळाने तोच रस्ता मंजूर केला. १९५१ साली तो वाहता झाला आणि त्यास नाव दिले गेले जेम्स स्टॉरो यांचे! जो रस्ता त्यांच्या पत्नीने जन्मभर नाकारला, त्याच्याच पाट्यांवर आज ते नाव लोक वाचतात. बदली म्हणून पाण्यात भराव घालून काही जमीन तयार करण्यात आली. पण शहर आणि नदी यांच्यामध्ये वाहनांचा ओघ कायमचा पडला तो पडलाच.

या प्रसंगाने लोक सावध झाले. १९६० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या काठावर रस्त्याखालून भुयारी वाटा काढण्यासाठी चिनाराच्या जातीची जुनी झाडे तोडण्याचे घाटत होते. नागरिकांनी नेटाने विरोध केला आणि झाडे वाचली. पुढे त्याच काठच्या रस्त्याचा एक भाग उन्हाळ्यातील रविवारी मोटारींना बंद करून पायी चालणारांस व सायकलस्वारांस मोकळा ठेवण्याची प्रथा पडली.

सायकलमार्गास ज्यांचे नाव आहे ते पॉल डडली व्हाइट हे बोस्टनचे हृदयविकारतज्ज्ञ. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्या उपचारासाठी यांनाच बोलाविण्यात आले होते. चालावे, सायकल चालवावी, शरीर निजून राहू देऊ नये, हा त्यांचा उपदेश होता आणि ते स्वतः सायकलवर बसत. १८७८ साली हौस म्हणून आलेली सायकल त्यांच्यामुळे आरोग्याचे साधन म्हणून नदीकाठी परतली. पाण्याची घाण दूर होण्यास मात्र आणखी काळ लागला. २०१३ साली या पात्रात जाहीर पोहणे झाले, ते ५० हून अधिक वर्षांनंतर प्रथमच.

आज या फेऱ्यावर निघणाऱ्याने एक जागा मुद्दाम पाहावी. परतीच्या वाटेवर, बोस्टन विद्यापीठाच्या पाठीमागे, मार्ग अगदी अरुंद होतो. उजव्या हातास मोटारी धावत असतात आणि डाव्या हातास लगेच पाणी. तेथे दोन सायकली एकमेकींस ओलांडताना सांभाळून जावे लागते. एलियटने जमीन राखून ठेवली नसती, तर हा अरुंद पट्टाही उरला नसता. हेलनबाईंची इच्छा पाळली गेली असती, तर पुढचा काठ याहून कितीतरी मोकळा राहिला असता. नदीकाठची फेरी आखू इच्छिणाऱ्या कोणत्याही नगराने नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी एवढे विचारावे: काठ अजून आपला आहे काय, आणि उद्या तो आपलाच राहावा यासाठी कोणी जागे आहे काय?