भोंग्याचा माइक आणि माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गनसाठी माइक कोणता घ्यावा, असं जाणकाराला विचारलं तर तो बहुधा मुठीत मावणाऱ्या, गोळीच्या आकाराच्या जुन्या माइकचं नाव घेतो. गंमत अशी, की तो माइक या वाद्यासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेतल्या शुअर कंपनीचा १९४९ चा ‘५२०’ काय किंवा अ‍ॅस्टॅटिकचा ‘जेटी-३०’ काय, दोन्ही घोषणा आणि संदेश देण्यासाठीचे. बोललेलं कळावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. शिकागोच्या वादकांनी असले माइक वाद्यासकट दोन्ही हातांच्या ओंजळीत घट्ट धरले आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडले. ओंजळ मिटली की स्वराची धार बोथट होते, खालचे स्वर भरतात, आणि कोंडलेला आवाज यंत्राला पेलवेनासा होऊन फाटतो. त्यांच्यापैकी लिटल वॉल्टरने १९५२ मध्ये ‘ज्यूक’ या धुनेत हा फाटका आवाजच वाद्याचा आवाज म्हणून रूढ केला. मग प्रश्न पडतो: बोलण्याचे माइक खानदेशात भडगाव-पाचोऱ्याकडेही आले, जत्रेत माउथ ऑर्गनही मिळत होते, तरी गिरणाकाठी असा आवाज का घडला नाही?

खानदेशात माइक आला तो सभेच्या वाटेने. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये इथल्याच फैजपूरला झालं. राष्ट्रीय चळवळीच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्यात त्या काळी मोटवाने यांची मुंबईची कंपनी आघाडीवर होती, आणि तिचं नाव होतं ‘शिकागो रेडिओ’. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर ही अक्षरं दिसतात. पुढे आहुजा कंपनीचे भोंगे गावोगाव पोचले. भाषण, कीर्तन, तमाशा, लग्न असा त्यांचा संचार झाला. या साऱ्यात माइकपुढे मान होता तो शब्दाला. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचला म्हणजे लाउडस्पीकरवाल्याने पैसे वसूल केले. आवाज फाटला की बोलणी त्यालाच.

कोणी म्हणेल, दोष हवेचा. यात तथ्य आहे. जेटी-३० सारख्या माइकच्या पोटात रोशेल क्षाराचा स्फटिक असे. तो दमट हवेत बिघडतो आणि ५५ अंशांच्या आसपास कायमचा निकामी होतो. खानदेशात ऐन लग्नसराईत पारा ४४-४५ वर जातो. उन्हात उभ्या गाडीतल्या बंद पेटीत ५५ अंश गाठायला वेळ लागत नाही. पण चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारे डायनॅमिक माइक हा उन्हाळा सोसत होते, आणि ओंजळीत धरल्यावर त्यांचाही आवाज बदलतो. म्हणजे कोणता माइक टिकला, एवढंच उन्हावरून कळतं. विजेची सबबही अशीच अपुरी आहे; भोंगे बॅटरीवरही वाजत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपल्याकडे माउथ ऑर्गनचा आदर्शच सिनेमाचा, गोड आणि निर्मळ. ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी राहुलदेव बर्मन यांनी तो वाजवला, ‘शोले’ (१९७५) मध्ये भानू गुप्ता यांनी. ज्याच्या कानात ते सूर बसले, तो फाटका आवाज मुद्दाम कशाला काढेल? तरीही केवळ आवडीनिवडीवर भागत नाही. याच सिनेमाची गाणी बँजो पार्टीने उचलली. बुलबुलतरंगाला पिकअप बसवून भोंग्यातून काढलेला तो कर्कश, धातूसारखा आवाज मूळ गाण्याशी मुळीच जुळत नाही, तरी वराती त्यावर नाचल्या. गाणी तीच, ऐकणारे तेच, भोंगाही तोच. फरक एवढाच, की बँजोवाल्याचं यंत्र त्याच्या स्वतःच्या हाताशी होतं. ते किती पिळायचं, हे तो वाजवता वाजवता ठरवू शके. माउथ ऑर्गनवाल्याच्या वाट्याला आला तो दुसऱ्याचा, भाड्याने आणलेला, स्टँडवर कसलेला माइक. तो काढून ओंजळीत घ्यायचा म्हटलं तर भोंगा शिट्टी मारणार आणि माइकवाला धावत येणार. शिकागोच्या वादकाला माइक स्वतःचा असल्यामुळे तो बिघडवून बघण्याची मुभा होती. माझ्या मते खरं कारण हेच आहे.

आजच्या निवडीलाही यातून दिशा मिळते. सिनेमाची धून वाजवायची असेल, तर गायकाचा साधा डायनॅमिक माइक स्टँडवर ठेवून चार बोटं अंतर राखावं. ओंजळीतला आवाज हवा असेल, तर चहूबाजूंनी ऐकणारा डायनॅमिक माइक बरा. एकाच दिशेने ऐकणाऱ्या माइकची मागची छिद्रं मुठीत झाकली जातात, त्याचा तो गुण संपतो आणि शिट्टी लवकर सुरू होते. शिकागोच्या वादकांच्या नावाने मिळणारा जुना स्फटिकाचा माइक मात्र खानदेशात महागात पडेल. आणि घ्याल तो माइक स्वतःचा घ्यावा, सोबत छोटा अ‍ॅम्प्लिफायरही. मंडपातल्या माइकवर वाजवणाऱ्याचा आवाज कसा हवा, हे साउंडवाला आधीच ठरवून बसलेला असतो.