सुई की वाफारा? पुणे जिल्ह्यातल्या बाळांनी दिलेलं उत्तर

आज लसींच्या इतिहासातलं एक पान उघडूया. तेही आपल्या पुणे जिल्ह्यातलं.

गोवर हवेतून पसरतो, श्वासातून आत शिरतो. मग लसही त्याच वाटेने का देऊ नये? पोलिओचे थेंब देणारे अल्बर्ट सेबिन यांनी १९८० च्या दशकात मेक्सिकोत हेच करून पाहिलं. नेब्युलायझरने लसीचे बारीक तुषार करायचे आणि ते बाळाला श्वासातून द्यायचे. सुई नाही, रडारड नाही, सुयांचा कचरा नाही. शिवाय नाक-घशाच्या ओलसर अस्तरात, म्हणजे अगदी दारातच, पहारेकरी उभे राहतात. यालाच म्युकोसल इम्युनिटी म्हणतात. पुढे मेक्सिकोत लाखो मुलांना अशी लस मिळाली.

पण पहिला डोस लागतो तो नऊ महिन्यांच्या बाळाला. त्याच्यावर ती चालते का?

हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेचा प्रकल्प आपल्याकडे आला. केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचे डॉ. आशिष बावडेकर त्यात होते. पुणे जिल्ह्यातल्या गावांमधून ९ ते १२ महिन्यांची २,००४ बाळं सहभागी झाली. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना तुषार. कोणाला काय, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. अट आधीच लिहिलेली: तुषार ५ टक्क्यांपेक्षा जास्त मागे पडता कामा नयेत.

९१ दिवसांनी रक्त तपासलं. मध्ये एक फटका बसला. गोठवलेले नमुने वितळल्यामुळे ३३१ बाळांचे निकाल गेलेच. उरलेल्यांत इंजेक्शनवाल्या ९४.६ टक्के बाळांमध्ये अँटिबॉडी सापडल्या, तुषारवाल्या ८५.४ टक्क्यांमध्ये. लसीमुळे गंभीर त्रास कोणालाच नाही, पण सुई जिंकली. २०१५ मध्ये हा निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला.

असं का झालं असेल? गोवराचा विषाणू नाकातून शिरला तरी रक्तातून अंगभर पसरतो. दंडात टोचलेल्या लसीने बनलेल्या अँटिबॉडी त्याला तिथेच गाठतात. आणि बाळाचा श्वास केवढा? त्यातून किती लस आत पोचली, हे सांगणं अवघड.

मी याला फसलेला प्रयोग म्हणणार नाही. तपासणी न करता ही लस सगळीकडे दिली असती, तर शंभरातली पंधरा बाळं उघडी राहिली असती आणि आईवडिलांना वाटलं असतं, झालं लसीकरण. पुणे जिल्ह्यातल्या आईवडिलांनी जगाला मिळवून दिलेलं हे 'नाही' फार मोलाचं आहे.

२०२२ मध्ये आपल्याकडे कोविडच्या नाकातल्या थेंबांना मंजुरी मिळाली. म्हणजे सुईशिवाय लसीचा शोध चालूच आहे. अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कोणत्या वयात तपासली, आणि सुईशी तुलना केली का?