खाणविद्येचे शिक्षण : थोडा इतिहास व आपली मुले

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक या आमच्या गावी खाण नाही. काळा पाषाण, डोंगरउतारावरची तांबडी माती आणि पायथ्याची भातखाचरे, एवढीच आमची भूमिसंपदा. यास्तव आपल्या ज्ञातीतील मुले शिकली ती मास्तर झाली, मुंबईच्या कचेऱ्यांत व गिरण्यांत गेली, आणि पुढे नागोठणे, धाटाव येथील रसायनांच्या कारखान्यांत शिरली. खाणविद्येकडे मात्र क्वचितच कोणी वळला. आमच्या अध्यापनकाळात हा विषय काढताच पालक म्हणत, "मास्तर, पोराला कोळशात घालायचा का?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ते यथामति वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाखाली दडलेला असल्याने खनिजांचे धन मुख्यतः दोन टोकांस आढळते. पूर्वेस चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर भागात कोळसा आणि नागपूर-भंडाऱ्यास मँगनीज. दक्षिणेस रेडीपासून गोमंतकापर्यंत लोखंडाचे दगड. आमच्या रायगड जिल्ह्यातही रोहा, मुरूड व श्रीवर्धन या बाजूंस बॉक्साइट आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वऱ्होड्याची कोळशाची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली व १९०६ साली बंद पडली. रामटेकच्या परिसरातील मँगनीज विसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी रवाना होऊ लागले. खणणारे हात आपले होते. परंतु नकाशा वाचणारा, हवेची वाट ठरविणारा आणि हुकूम देणारा मॅनेजर बहुधा साहेब असे.

याचे कारण शिक्षणात होते. १९०१ साली खाणींचा कायदा झाला आणि १९०२ च्या जानेवारीत कलकत्त्यास खाणींच्या तपासणीचे सरकारी खाते उघडले. खाणीची जबाबदारी लायक माणसाकडे असावी हे तत्त्व योग्यच. परंतु ती लायकी मिळविण्यासाठी या देशात उच्च विद्यालयच नव्हते. १९०१ सालीच कलकत्त्याच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने लंडनच्या खाण विद्यालयाच्या धर्तीवर सरकारी विद्यालय काढावे, असा ठराव केला. ते धनबाद येथे उघडले ९ डिसेंबर १९२६ रोजी. मागणी आणि पूर्ती यांत पाव शतक लोटले! हेच विद्यालय २०१६ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते.

त्याआधीच, १९२३ साली, काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात खाणकाम व धातुविद्येचे अध्यापन सुरू झाले होते. या विश्वविद्यालयाशी आमच्या गावाचा एक दूरचा धागा जुळतो. गागोद्यास १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेस म्हणून मुंबईस निघाले आणि वाटेतून काशीस गेले. विश्वविद्यालयाच्या स्थापनासमारंभातील महात्माजींच्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला व त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. एकाच नगरीतून एकास भूमीच्या न्यायाची वाट सापडली आणि इतरांस भूमीच्या उदरातली. या दोन्ही वाटांचा विचार आम्ही पुढे एकत्रच करणार आहोत.

स्वातंत्र्यानंतर खाणविद्येचे केंद्र आपल्या दाराशी आले. भारतीय खाण ब्यूरो १९४८ साली स्थापन झाला. त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. मँगनीजची सरकारी कंपनी १९६२ साली तेथेच उभी राहिली. १ मे १९७३ रोजी उरलेल्या कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्सची कचेरी नागपुरास आली. १९६० साली निघालेल्या तेथील विश्वेश्वरय्या महाविद्यालयात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, खनन अभियांत्रिकीची पदवी मिळते. बारावीनंतर जेईई परीक्षा देऊन नागपूर, धनबाद वा काशी येथे प्रवेश घेता येतो.

हा अभ्यास चार वर्षांचा. भूशास्त्र, भूमापन, सुरुंग लावण्याचे शास्त्र, खडकांचे बळ, छताचा आधार, भूगर्भात शुद्ध हवा खेळविणे, यंत्रे आणि खाणींचा कायदा हे त्यातील मुख्य विषय. मात्र पदवीने काम संपत नाही. प्रत्यक्ष खाणीत ठरलेला काळ काढून परीक्षा द्यावी लागते. तेव्हा आधी दुसऱ्या आणि मग पहिल्या वर्गाचे मॅनेजर प्रमाणपत्र मिळते. कोळशाच्या व धातूंच्या खाणींसाठी ही प्रमाणपत्रे वेगळी असतात. ज्याच्या हाती ते प्रमाणपत्र, त्याच्या शिरावर शेकडो जिवांचा भार. नोकऱ्या पुष्कळ प्रकारच्या आहेत : कोळसा, मँगनीज व लोहखनिजाच्या कंपन्या, सिमेंटचे चुनखडीचे पट्टे, बोगद्यांची कामे, स्फोटकांचे कारखाने, खाणसुरक्षेचे सरकारी खाते आणि अध्यापन.

धोक्याविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. परंतु अशा अनर्थांतूनच नियम कडक होत गेले, आणि ते पाळणारा शिकलेला माणूस खाणीस हवा असतो. पालकांनी मुलास कोळशात घालायचा का, असे विचारण्याऐवजी कोळशात उतरलेल्यांस सुखरूप वर आणणारा कोण, असे विचारावे.

मुलींसही आता हे दार उघडे आहे. १९५२ च्या कायद्याने स्त्रियांस भूगर्भात काम करण्यास मनाई होती; २०१९ च्या जानेवारीत सरकारने अटींसह ती परवानगी दिली. तेव्हा या लेखातील 'मुले' या शब्दात मुलीही धराव्यात.

आता दुसरी वाट. ज्या विनोबांनी १९५१ पासून गावोगाव पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागितली, त्यांच्या गावच्या मुलाने जमीन उकरण्याची विद्या घ्यावी काय? हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ दिवस घोळत आहे. चंद्रपूरकडे उघड्या खाणींनी शेते गिळली, मातीचे डोंगर उभे केले आणि हवा बिघडविली. गोमंतकातील लोहखनिजाचे काम कायदेभंगापायी २०१२ साली व पुन्हा २०१८ साली थांबले, तेव्हा दोष नसलेल्या मजुरांच्या चुलीही थंडावल्या. हे सर्व खरे आहे. परंतु वीज, रेल्वे, नांगराचा फाळ, यांतील कशासाठीही आपण खाणीचे ऋणी नाही, असे कोण म्हणेल? खाण चालणारच असेल तर ती अडाणी वा लोभी हाती असण्यापेक्षा, उकरलेली भूमी पुन्हा भरून झाडीखाली आणणे हे आपले कर्तव्य मानणाऱ्याच्या हाती असावी. खाण बंद करण्याचा आराखडा आता कायद्याने लागतो. तो कागदावरून जमिनीवर उतरविणारा अभियंता हाही आमच्या मते भूमीचा सेवकच होय.

यास्तव आमची ज्ञातिमंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्तीच्या निधीतून दरवर्षी निदान एक वाटा खाणविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अथवा विद्यार्थिनीसाठी राखावा, आणि दहावी-बारावीच्या मुलांस एकवार नागपूरकडील खाण दाखवून आणावी. खाणीस भिणारी मुले ती पाहिल्याविनाच भितात. पाहून, समजून जो नको म्हणेल त्याचा निर्णय आम्हांस मान्य आहे. अज्ञानाने दिलेला नकार मात्र आता पुरे झाला.