विधानपरिषदेतला ‘आणि’

हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि मोबाइलवर संविधानाचं कलम १७१ वाचलं. विधानपरिषदेत किमान ४० सदस्य हवेत आणि विधानसभेच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत. आपली विधानसभा २८८ ची, म्हणजे ४० ≤ क्ष ≤ ९६. परिषद ७८ ची, बसते. पण १९५० च्या मूळ कलमात वरची मर्यादा होती एक चतुर्थांश, म्हणजे ७२. आजचे ७८ बसलेच नसते! १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती वाढली.

हा ‘आणि’ हलका समजू नका. मी एकदा कोडमध्ये तिथं ‘किंवा’ लिहिलं, तर प्रत्येक आकडा पास! रात्री दोनला उठून निस्तरलं.

आता गोवा घ्या. विधानसभा ४० ची, तृतीयांश तेराच्या वर थोडा. तेरापेक्षा जास्त नको, चाळीसपेक्षा कमी नको. असा आकडाच नाही. तिथं परिषदही नाही.