दुबईत जेवायचं कुठं?



आमच्या साक्रीच्या बचत गटातल्या एका मावशींची लेक दुबईत असते. जावई तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. लेकीचं पहिलं बाळंतपण आलं आणि जावयांनी सासूबाईंचं तिकीट काढलं. मावशींनी आजवर धुळं पाहिलेलं, नाशिक पाहिलेलं आणि एकदा पंढरपूर. मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मावशी हळूच म्हणाल्या, "तठे मी काय खासू व ताई?"

आम्ही सगळ्या हसलो. पण मग लक्षात आलं की साठीच्या या बाईनं आयुष्यात हॉटेलात बसून घास खाल्लेला नाही. एसटी स्टँडवर चहा घ्यायचा तो उभ्यानं, पदर सावरत, पाठ फिरवून. ढाब्यावरची शेवभाजी घरातले पुरुष खाऊन येणार आणि मावशी घरी कळण्याची भाकरी थापणार. आमच्यातल्या निम्म्या जणींची हीच गत आहे. म्हणून आम्ही ठरवलं, मावशी जाण्याआधी त्या शहराची माहिती काढायची. विचारत, वाचत गेलो, तर त्यात आपलाच इतिहास निघाला. तोच आज सांगतो.

दुबईच्या मधून समुद्राची एक खाडी आत शिरते. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. उंच इमारती नंतरच्या. शंभर वर्षांपूर्वी या खाडीच्या काठावर मासेमार, व्यापारी आणि मोती काढणारे लोक राहायचे. उन्हाळ्याचे चार महिने माणसं गलबतावर जायची आणि समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची. जेवण म्हणजे खजूर, भात, मासे. जहाजाच्या प्रमुखाला तिथे नोखदा म्हणतात. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच शब्द. बुडी मारणारे त्याच्याकडून आधी उचल घ्यायचे आणि हंगामभर ती फेडत राहायचे. उचल म्हटल्यावर आपल्याला वेगळं काही सांगायला नको. आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून घेतात, तीच ही उचल.

ते मोती विकायला कुठे यायचे? मुंबईत. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईचा होता. आणि गलबत परत जाताना तांदूळ, मसाले, कापड, साखर घेऊन जायचं. जहाज बांधायचं सागवानसुद्धा मलबारातून जायचं. वाळवंटात भात पिकत नाही, पण तिथल्या लोकांच्या ताटात रोज भात असतो. तो समुद्रावरच्या या ये-जा मुळे आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुबईच्या शेखांनी बंदरावरची जकात काढून टाकली. समोरच्या इराणमधल्या लिंगे बंदरात तेव्हा जकात वाढली होती. तिथले व्यापारी इकडे येऊन राहिले. आपल्याकडचे सिंधी आणि गुजराती व्यापारीही होतेच. माणसं आली की त्यांच्या चुली येतात. इराण्यांची रोटी आणि कबाब आले, आपल्याकडची डाळ आणि लोणचं आलं.

१९०९ साली दुबईत पहिलं टपाल कार्यालय उघडलं, ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. पाकिटावरची तिकिटं आपली आणि बाजारात चालणारा रुपयाही आपला. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना. पण खरं आहे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपलं परकीय चलन बाहेर जात होतं. १९६६ च्या जूनमध्ये भारतानं रुपयाची किंमत कमी केली आणि मग तिकडच्या राज्यांनी रुपया सोडला. आजचा दिरहम १९७३ चा. म्हणजे आमच्या मावशींच्या लहानपणी दुबईच्या दुकानात रुपया चालत होता.

मोत्यांचा धंदा मात्र त्याआधीच बसला. जपाननं शिंपल्यात मोती पिकवायची रीत काढली आणि १९२० नंतरच्या काळात ते स्वस्त मोती बाजारात आले. दुबईचे दिवस ओढीचे झाले. पुढे १९६६ सालीच तिथे तेल सापडलं. २ डिसेंबर १९७१ ला संयुक्त अरब अमिराती हा देश झाला. १९७२ मध्ये मोठं बंदर सुरू झालं. रस्ते, पूल, इमारती बांधायला हात लागत होते. केरळातून, पंजाबातून, राजस्थानातून, पाकिस्तानातून, बांगलादेशातून माणसं गेली. आपल्या महाराष्ट्रातूनही गेली.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. दुबईत खायच्या नावाजलेल्या जागा कुठल्या, असं जुन्या माणसांना विचारलं तर ते काचेच्या मोठ्या हॉटेलांची नावं आधी घेत नाहीत. सातवा भागातलं 'रवी' हे पाकिस्तानी पद्धतीचं खाणावळवजा हॉटेल १९७८ साली सुरू झालं. टॅक्सीवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे तिथे जेवतात. त्याच वर्षी बर दुबईत 'अल उस्ताद' नावाचं इराणी कबाबचं दुकान निघालं. करामा आणि मीना बाजार या भागांत तर आपल्याकडच्या खाण्याची रांगच आहे. डोसा, ढोकळा, छोले, शाकाहारी थाळी, वडापाव. करामात 'पेशवा' नावाचं मराठी उपाहारगृहही निघालं. मिसळ, थालीपीठ, पुरणपोळी तिथे मिळू लागली.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. ही दुकानं पोटासाठी घर सोडून आलेल्यांनी, घर सोडून आलेल्यांसाठी काढली. विदर्भातल्या दातार कुटुंबाची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. वडील निवृत्तीनंतर दुबईला गेले आणि १९८४ साली बर दुबईत किराण्याचं छोटं दुकान टाकलं. मुलगा धनंजय विशीत तिथे गेला. पुढे त्याच दुकानाच्या शाखा निघाल्या. पिठं, मसाले, लोणची, भाजणी असा माल त्यांच्याकडे असतो. परदेशातल्या आपल्या बाईला थालीपिठाची भाजणी हवी असते, हे ज्याला कळलं त्याचा धंदा चालला. बचत गटवाल्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

तिथल्या मूळच्या लोकांचं खाणंही मावशींना सांगितलं. मचबूस म्हणजे मसाल्याचा भात, त्यात वाळवलेलं लिंबू घालतात. हरीस म्हणजे गहू आणि मटण एकत्र घोटून शिजवलेलं. लुगैमात म्हणजे तळलेले छोटे गोळे, वरून खजुराचा पाक. आणि रगाग. तापलेल्या लोखंडी तव्यावर सैल पीठ हातानं पसरून केलेली कागदासारखी पातळ रोटी. आपण खापरावर मांडे करतो, त्यांची आठवण यावी अशी. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ती करत आल्या.

आणि चहा! दुबईत कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची छोटी दुकानं आहेत, बरीचशी केरळच्या लोकांनी चालवलेली. दूध घालून उकळलेला, वेलची टाकलेला चहा मिळतो. त्याला तिथे 'करक' म्हणतात. करक म्हणजे आपला 'कडक'. अरबीत 'ड' नाही, म्हणून 'र' झाला. आज अरब माणूसही मोटारीत बसून करक मागवतो. लोणच्याला 'अचार', पायातल्याला 'जूती', हे शब्दही त्यांच्या बोलण्यात मिसळले आहेत.

पण मैत्रिणींनो, या शहराचं सगळंच ताट भरलेलं नाही. बांधकामावरच्या मजुरांच्या वसाहती शहराबाहेर आहेत. त्यातल्या एका मोठ्या वस्तीला कामगारांनीच नाव दिलंय, सोनापूर. एका खोलीत अनेक जण राहतात. सामाईक स्वयंपाकघरात पाळीपाळीनं शिजवतात, नाही तर मेसचा डबा लावतात. उंच हॉटेलं ज्यांनी बांधली, ते तिथे जेवायला जात नाहीत.

आपल्या मुंबईतही असंच होतं. गिरणीत कामाला आलेला कोकणातला, घाटावरचा गडी खोलीत राहायचा आणि खाणावळीत जेवायचा. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. दिवसाला कितीतरी माणसांचा स्वयंपाक, उधारीवर किराणा आणि सावकाराचं व्याज. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती मिळवून दिलं. आज आपण गटाच्या नावानं बँकेत ताठ उभ्या राहतो, त्याच्या आधी या बायका उभ्या राहिल्या होत्या.

म्हणून कुणाचा मुलगा आखातात कामाला निघाला असेल, तर आईनं एक प्रश्न नक्की विचारावा: जेवणाचं काय? जेवण कंपनी देणार की जेवणाचे पैसे देणार, हे करारात लिहिलेलं असावं. पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर बघता येतं. फिरायला जायच्या व्हिसावर कामाला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता बसण्याची गोष्ट. आखातातल्या जुन्या हॉटेलांत कुटुंबासाठी वेगळी खोली असायची, कधी पडदा लावलेली. मुंबईतल्या इराणी हॉटेलांतही 'फॅमिली रूम' असायची. मुंबईचं 'कयानी' १९०४ सालचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही बाई बाहेर जेवत होती, पण आडोशाला. आता दुबईत नर्स, शिक्षिका, दुकानात काम करणाऱ्या मुली एकट्या बसून जेवतात आणि कुणी वळून बघत नाही. २००९ मध्ये तिथे मेट्रो सुरू झाली, तिच्यात बायकामुलांसाठी वेगळा भाग आहे.

मावशींना आम्ही फिरायच्या जागाही लिहून दिल्या. खाडीवर 'अब्रा' नावाच्या लाकडी नावा चालतात. जुनी नाव एका दिरहमात पलीकडे नेते. जुन्या देवळाच्या गल्लीत फुलांची, पूजेच्या सामानाची दुकानं. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच, पण त्याच्या पायथ्याचं कारंजं बघायला पैसे लागत नाहीत. थंडीत गेलं तर ग्लोबल व्हिलेजमध्ये देशोदेशीची दुकानं आणि खाणं.

सामान भरताना मात्र एक घोटाळा होता होता वाचला. मावशींनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू केले होते, भरपूर खसखस घालून. त्या देशात खसखस न्यायला बंदी आहे, नशेच्या पदार्थात मोडते. तिकडे जाणाऱ्या प्रत्येकीनं हे लक्षात ठेवा. लाडू, मसाला, कशातच खसखस नको. रात्री आम्ही चार जणींनी बसून बिनखसखशीचे लाडू परत वळले. पेटीत गटाचे बिबडे, कुरडया आणि उडदाचे पापडही गेले.

मावशी तीन महिन्यांनी परत आल्या. नातू झाला. बिबडे लेकीच्या शेजारणींनी संपवले, एक केरळची, एक पाकिस्तानची. आणि एका संध्याकाळी लेक, नातू आणि मावशी खाडीकाठच्या दुकानात खुर्चीवर बसल्या. मावशी सांगतात, पहिली पाच मिनिटं हात मांडीवरून वरच येईना. मग करक आला. एक घोट घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "च्या ते आपलाच शे!"

पुढच्या बैठकीत मावशींनी विषय काढला. आमचा गट स्टँडजवळ भाकरी, शेवभाजी आणि भरीत बांधून देतो. बसायची सोय नव्हती, कारण बायका बसणार नाहीत असं आम्हीच धरून चाललो होतो. मावशी म्हणाल्या, दोन बाकं आणि एक टेबल आपल्या पैशातून घेऊ. आडोसा नको, समोरच ठेवू. ठराव झाला. दोन जणींनी विरोध केला, लोक काय म्हणतील म्हणून. त्याही आता दुपारच्या गाडीआधी तिथेच बसून चहा घेतात.

तुमच्या गावी बाईला बसून खायची जागा आहे का? पुढच्या बैठकीत हा एक विषय घ्या आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.