सुईने लिहिलेला प्रवास



आपल्या मंडळात शिवण-भरतकामात तरबेज अशा पुष्कळजणी आहेत. टाका कसा घालावा, हे मी त्यांना काय सांगणार? पण टाक्यांनी इतिहास कसा राखला, याची एक हकीकत वाचनात आली, ती वर्धापनदिनानिमित्त सांगते.

आग्नेय आशियात लाओस नावाचा डोंगराळ देश आहे. तेथील ह्मोंग लोकांच्या बायका पूर्वापार सुरेख भरतकाम करतात. ‘फुलांचे कापड’ अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यात पूर्वी गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी, त्रिकोण, चौकडी असेच नमुने असत. मुली आईजवळ बसून ते शिकत.

व्हिएतनामच्या युद्धकाळात पुष्कळ ह्मोंग पुरुष अमेरिकेच्या बाजूने लढले. १९७५ साली लाओसात सत्ता पालटली. आता आपली धडगत नाही, म्हणून हजारो कुटुंबे घरदार टाकून निघाली. मुले पाठीशी बांधून, रानातून लपतछपत ती मेकाँग नदीपाशी आली. कोणी बांबूच्या तराफ्यावर, कोणी पोहत पलीकडे थायलंडात गेले. कित्येकांचा वाटेतच अंत झाला.

थायलंडात बान विनाय येथे मोठी छावणी होती. ती १९९२ साली बंद झाली. अशा छावण्यांत ना शेत, ना हक्काचे घर. तेथेच भरतकामाला नवे वळण लागले. कापडावर माणसे आली. एकीकडे गावचे घर, भाताचे कांडण, कोंबड्या. मग विमाने आणि शिपाई. मग डोंगर उतरणारी माणसांची रांग. मध्ये नदी आणि शेवटी छावणी. कधी पुरुष चित्र आखून देत, बायका ते भरीत. ही कापडे विकून घरात चार पैसे येत. गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणे रंग सौम्य झाले, काहींवर इंग्रजी अक्षरेही आली. पण हकीकत त्यांचीच राहिली.

ह्मोंग भाषेची आज रूढ असलेली रोमन लिपी १९५० नंतरच्या काही वर्षांत तयार झाली. या बायकांपैकी पुष्कळजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी आपला प्रवास त्यांनी नातवंडांसाठी लिहून ठेवलाच, फक्त लेखणीच्या जागी सुई होती.

आपल्याकडे गोधडी घरोघर असते. जुन्या लुगड्याचा तुकडा पाहिला की तो कोणाचा, हे आपण सांगतो. माझ्या सासूबाई लग्न होऊन कोकणातून बोटीने मुंबईस आल्या. गोधडी शिवताना त्या प्रवासाच्या गोष्टी सांगत. आज गोधडी आहे, सासूबाई नाहीत, आणि त्या गोष्टी मुलांना माझ्याकडून अर्ध्यामुर्ध्याच कळतात. त्या गोधडीवर एखादी बोट भरलेली असती, तर मुलांनी विचारले असते, ही बोट कोणाची?

म्हणून माझी विनंती एवढीच. प्रत्येकीने हातभर कापड घ्यावे. माहेराहून सासरी, गावाहून शहरात, नाहीतर पंढरीच्या वाटेवर, जो प्रवास मनात राहिला असेल तो साध्या धावदोऱ्याने भरावा. चित्र वाकडे आले तरी चालेल. खाली आपले नाव आणि साल मात्र जरूर घालावे.