आधी कोण बोलणार?

गेल्या रविवारी बाबांना चंद्रपूरला व्हिडिओ कॉल लावला होता. पाच मिनिटं ठीक चाललं, मग त्यांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. "आवाज तुटून ऱ्हायला तुझा," बाबा म्हणाले, "तू तं यातलाच इंजिनियर ना बे?"

वर्मावर घाव! कारण शोधायला वेळ लागला नाही. शेजारच्या खोलीत चिरंजीव एक अगडबंब गेम उतरवत बसले होते. मग राउटरचं पान उघडलं आणि ट्रॅफिकला प्राधान्य देण्याची सेटिंग्ज बघत बसलो. तिथे 'डब्ल्यूएमएम' नावाखाली चार रांगा दिसतात: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट आणि बॅकग्राउंड. बाबांना पुन्हा फोन केला तेव्हा सांगितलं, "कुणाचा नंबर आधी लावायचा ते नेटवर्कला सांगतोय."

"म्हणजे अर्जंट कॉल बुक केल्यासारखं," बाबा म्हणाले.

अगदी तसंच! त्या एका वाक्याने माझा हा शनिवार खाल्ला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

ज्यांनी ट्रंक कॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसटीडी येण्याआधी (भारतात पहिली एसटीडी लाइन कानपूर-लखनौ, १९६०, आमच्यासारख्या गावांपर्यंत ती यायला पुढे बरीच वर्षं गेली) परगावी बोलायचं तर एक्स्चेंजला फोन करून कॉल 'बुक' करायचा आणि वाट बघायची. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे दर्जे असत. दर्जा जितका वरचा तितका दर जास्त. तारेचंही तेच. एक्स्प्रेस तारेला साध्या तारेच्या दुप्पट पैसे पडत. आणि सगळ्यांच्या वर सरकारी 'क्लिअर द लाइन' तार. नावातच सगळं आलं: बाकीच्यांनी बाजूला व्हा. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली आणि हे शब्दही गेले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अर्जंट कॉलचे जास्त पैसे भरले म्हणून चंद्रपूर-नागपूर तारांची संख्या वाढत नसे. तुमचा कॉल आधी लागला म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी मागे गेला, एवढंच. प्राधान्य वेग निर्माण करत नाही, ते फक्त थांबणारा माणूस बदलतं. नेटवर्किंगच्या पुस्तकात हे वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवं असं माझं मत आहे.

आता वायरलेस. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०.७ लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४ माणसं. अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं तर वडसा. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागडचा रस्ता पाण्याखाली (२०१९ च्या पावसाळ्यात तर हे पुन्हा पुन्हा झालं). अशा ठिकाणी तारा ओढणं परवडत नाही आणि ओढल्या तरी टिकत नाहीत. त्यामुळे कित्येक वर्षं भरवशाचं साधन एकच होतं, पोलिसांचा आणि वनखात्याचा वायरलेस सेट.

या सेटवर सगळे एकाच चॅनलवर असतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही कळत नाही. म्हणून 'ओव्हर' म्हणायची पद्धत, आणि म्हणून मुख्य ठाण्यावर एक कंट्रोल, जो कुणी बोलायचं ते ठरवतो. पोलिसांच्या संदेशांवर 'क्रॅश', 'इमिजिएट', 'प्रायॉरिटी', 'रूटीन' असे शेरे असतात. ऑपरेटरने शेरा बघायचा आणि रांग लावायची. यात यंत्राला काहीच कळत नाही, सगळी अक्कल माणसाची. आणि त्या माणसाला एक गोष्ट जमते जी राउटरला आजही जमत नाही: समोरच्याचा आवाज ऐकून, शेरा 'रूटीन' असला तरी, 'तू आधी बोल' म्हणणं.

आता याच शब्दांचा प्रवास बघा. अमेरिकी लष्कराचं १९६० च्या दशकात उभारलेलं 'ऑटोव्हॉन' नावाचं टेलिफोन नेटवर्क होतं. त्याच्या फोनवर नेहमीच्या बटणांच्या उजवीकडे आणखी चार बटणं असत: प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश आणि फ्लॅश ओव्हरराइड. वरचं बटण दाबलं आणि लाइन मोकळी नसेल तर खालच्या दर्जाचा चालू कॉल सरळ तोडला जाई. आपल्या फोनच्या टोन डायलिंगमध्ये आजही सोळा टोन आहेत आणि आपण वापरतो बारा. उरलेले चार या बटणांचे.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचं मानक आलं, आरएफसी ७९१. त्यात प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर तीन बिट्स प्राधान्यासाठी ठेवलेत. तीन बिट्स म्हणजे आठ दर्जे. खालून वर वाचा: रूटीन, प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड... लष्करी वायरलेसवरचे शेरे जसेच्या तसे पॅकेटवर येऊन बसले! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो.

पण खुल्या इंटरनेटवर ही योजना चालली नाही. कारण अगदी साधं. सैन्यात खोटा 'फ्लॅश' मारला तर कोर्ट मार्शल, ट्रंक कॉलला खिशातून पैसे. इंटरनेटवर मात्र पॅकेटवर शेरा मारणारा मीच आणि त्याचा फायदाही मलाच. मग मी 'रूटीन' का लिहू? सगळेच व्हीआयपी झाले की व्हीआयपी रांगेला अर्थ उरत नाही. त्यामुळे बहुतेक राउटर्स तो शेरा वाचतच नसत. डिसेंबर १९९८ मध्ये त्या जागेची नव्याने आखणी झाली. सहा बिट्सचा डीएससीपी आला आणि सोबत तत्त्व आलं की शेऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रत्येक नेटवर्कने आपल्या वेशीवर ठरवावं. पाहुण्यांनी चपला दारातच काढाव्यात, तसं.

वाय-फाय मुळात समतावादी होतं. हवा मोकळी आहे का ऐकायचं, मोकळी असेल तर ठरावीक वेळ थांबायचं, मग एक यादृच्छिक आकडा काढून तेवढा वेळ आणखी थांबायचं आणि बोलायचं. सगळ्यांना सारखे फासे. २००४ मध्ये डब्ल्यूएमएम आणि २००५ मध्ये ८०२.११ई हे मानक आलं आणि फासे बदलले. व्हॉइसच्या पॅकेटचा सुरुवातीचा आकडा ० ते ३ मधला, साध्या डेटाचा ० ते १५ मधला. बॅकग्राउंडचाही ० ते १५, पण त्याला आधीच जास्त थांबावं लागतं. गंमत म्हणजे यातही हमी नाही. व्हॉइस हरू शकतो, फक्त क्वचित हरतो.

यातही एक खाच आहे. इंटरनेटवर आवाजाच्या पॅकेटला सहसा डीएससीपी ४६ हा शेरा असतो. बायनरीत १०१११०. बरीच उपकरणं यातले पहिले तीन बिट्स घेऊन वाय-फायची रांग ठरवतात. १०१ म्हणजे ५, आणि ५ ही रांग व्हिडिओची! म्हणजे फोनचा आवाज व्हिडिओच्या रांगेत उभा. हा गोंधळ सोडवणारा आरएफसी ८३२५ यायला फेब्रुवारी २०१८ उजाडलं.

असो. परत जंगलात जाऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

चौरस किलोमीटरला ७४ माणसं असतील तर कुठलीही कंपनी आपणहून टॉवर उभारत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त राज्यांमध्ये २,१९९ ठिकाणी मोबाइल टॉवर उभारायला मंजुरी दिली. पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून (आताचं नाव डिजिटल भारत निधी), काम बीएसएनएलकडे. पुढे हा आकडा २,३४३ झाला. तंत्रज्ञान टूजी. शहरात तेव्हा फोरजीच्या जाहिराती सुरू होत्या, त्यामुळे आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण टूजीच्या पोटात प्राधान्याची एक स्पष्ट भूमिका होती.

जीएसएमच्या एका कॅरियरचे आठ टाइमस्लॉट असतात. त्यातला किमान एक टॉवरच्या स्वतःच्या कामासाठी. उरले सात, म्हणजे एका वेळी सात संभाषणं (आवाजाचा दर्जा अर्धा केला तर दुप्पट). डेटा चालतो तो उरलेल्या जागेवर. कॉल आला आणि जागा नसेल तर साधारणपणे डेटाकडचा स्लॉट काढून कॉलला दिला जातो. माणसाचा आवाज आधी, बाकी सगळं मागून. आणि एसएमएस तर आवाजाच्या स्लॉटला हातही लावत नाही, तो सिग्नलिंगच्या वाटेने जातो. म्हणून 'नेटवर्क बिझी' असतानाही 'पोचलो' एवढा मेसेज बऱ्याचदा जातो.

गर्दी हाताबाहेर गेली तर आणखी एक दार आहे. आपल्या प्रत्येकाच्या सिमवर ० ते ९ पैकी एक वर्ग लिहिलेला असतो, सहसा सिमच्या आतल्या ओळख क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून. टॉवर यातले काही वर्ग थोडा वेळ बंद ठेवू शकतो. ११ ते १५ हे वर्ग खास, त्यात सुरक्षा दलं आणि आपत्कालीन सेवा येतात. म्हणजे क्लिअर द लाइन अजून जिवंत आहे. आपल्या खिशात आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.

पुण्यात बसून मला या सगळ्याचं बौद्धिक कौतुक वाटतं. भामरागडच्या टोकाला, रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर, तो सातातला एक स्लॉट मिळणं न मिळणं वेगळी गोष्ट आहे. ही नुसती कल्पनेची भरारी नाही. जीएसएमच्या मानकानुसार ११२ हा क्रमांक हँडसेटला उपजत कळतो. तो फिरवला की हँडसेट टॉवरला 'ही आणीबाणी आहे' असं सांगतच चॅनल मागतो. १०८ चं तसं नाही. सिममध्ये किंवा नेटवर्ककडून तशी नोंद आलेली नसेल तर हँडसेटच्या लेखी तो एक साधा कॉल. महाराष्ट्रात २०१४ पासून गावोगावी लोकांच्या तोंडी बसलाय तो ॲम्ब्युलन्सचा १०८. लोकांनी पाठ केलेला क्रमांक आणि यंत्राने पाठ केलेला क्रमांक वेगळे असू शकतात, आणि मधला फरक एका नोंदीचा आहे.

एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच २,३४३ टॉवर्सना फोरजी करायला १,८८४.५९ कोटी रुपये मंजूर केले. चांगलंच झालं. जंगलातल्या पोरांनी शहराच्या मागे का राहावं? पण फोरजीत आवाजासाठी राखीव स्लॉट नाही, आवाजही एक पॅकेटच. त्याला पुढे काढायचं तर नेटवर्कला तसं सांगावं लागतं. त्यासाठी क्यूसीआय नावाचे दर्जे आहेत: १ म्हणजे फोनवरचं बोलणं, ९ म्हणजे साधं इंटरनेट. टूजीत 'माणसाचा आवाज आधी' हे रचनेतच होतं. फोरजीत ते कॉन्फिगरेशन आहे. आणि कॉन्फिगरेशन म्हणजे काय ते आपल्या धंद्यातल्या लोकांना मी वेगळं सांगायला नको. कुणीतरी ते करायचं असतं, तपासायचं असतं, आणि अपग्रेडनंतर पुन्हा तपासायचं असतं.

माझ्या घरचा प्रश्न कसा सुटला? डब्ल्यूएमएम आधीपासूनच चालू होतं. अडचण हवेत नव्हतीच, ती राउटरच्या पलीकडे ब्रॉडबँडच्या तोंडाशी साचलेल्या रांगेत होती. तिथे कुणालाच व्हीआयपी न करता रांगच आखूड ठेवणारं सेटिंग चालू केलं आणि गेम नि बाबा दोघेही सुखाने नांदू लागले. जिथे भरपूर आहे तिथे एवढ्यावर भागतं. सात स्लॉटच्या टॉवरवर भागत नाही. तिथे कुणीतरी बसून ठरवावंच लागतं, की आधी कोण बोलणार.

पूर्वी ते एक्स्चेंजवरची बाई किंवा कंट्रोलवरचा हवालदार ठरवायचा, आणि त्याच्याशी निदान भांडता यायचं. आता ते आपल्यापैकी कुणीतरी ठरवतो, एका ड्रॉपडाउनमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी, घरी जायच्या घाईत.

आज सकाळी बाबांना पुन्हा फोन केला. आवाज स्वच्छ होता. पंधरा मिनिटं त्यांनी फक्त उन्हाबद्दल सांगितलं. शुद्ध 'रूटीन' ट्रॅफिक. पण माझ्या राउटरवर ते फ्लॅश ओव्हरराइड आहे.